मज्जातंतूंचे स्निग्ध कवच आणि आपल्या अर्जातील एक रकाना

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बेलापूर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ‘विद्यार्थ्यांची कर्तव्ये’ किंवा ‘ज्ञातीची उन्नती’ असा एखादा विषय ते नेमून देतील, अशी आमची अटकळ होती. त्यांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आमच्याकडेच ठेवले. त्या स्वातंत्र्याचा आम्ही जो उपयोग केला आहे, तो ऐकून काहींच्या कपाळास आठी पडेल हे आम्ही जाणतो. आमचा विषय आहे महारोग, ज्यास आज कुष्ठरोग म्हणतात. आणि त्यातही, या रोगाचे जंतू आपल्या मज्जातंतूंच्या आश्रयाने कसे राहतात आणि तेथील स्निग्ध द्रव्यांशी त्यांचा काय संबंध आहे, याविषयी शास्त्रज्ञांनी लावलेला शोध.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवाच्या प्रसंगी हा अभद्र विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भाषणाच्या अखेरीस मिळेल. आम्ही डॉक्टर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, खडूच्या भुकटीत आयुष्य घालवलेला साधा प्राथमिक शिक्षक, एवढीच आमची योग्यता. परंतु या विषयात आमच्या हातून एक अपराध घडला आहे. त्या अपराधापोटी आम्ही निवृत्तीनंतर मिळेल ते पुस्तक वाचले, भेटेल त्या डॉक्टरांस प्रश्न विचारले. तेव्हा प्रथम तो अपराधच सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. प्रवरेकाठच्या एका खेड्यातील शाळेत आम्ही सातवीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याचे अक्षर मोत्यासारखे असे. त्या वर्षी ते एकाएकी बिघडले. लेखणी हातातून निसटे, ओळ वर-खाली जाई. आम्ही दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा छडी उचलली. ‘उजवा हात पुढे कर’ म्हणालो. करंगळीच्या बाजूने तीन छड्या बसल्या, पण त्याने हात मागे घेतला नाही की डोळ्याची पापणी हलवली नाही. आम्हांस वाटले, हा उद्दामपणा आहे. म्हणून आणखी दोन छड्या अधिक जोराने मारल्या. तो आपल्या तळहाताकडे, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा, अशा नजरेने पाहत राहिला. मुले हसली. आम्ही म्हणालो, “कोडगा झाला आहेस.”

पुढील वर्षी तो माध्यमिक शाळेत गेला. तेथे आरोग्य खात्याचे तंत्रज्ञ मुलांची तपासणी करण्यास आले. त्यांनी त्याच्या दंडावरील फिकट, तांबूस चट्टा पाहिला. डोळे मिटायला सांगून त्यावरून पीस फिरवले. त्यास कळले नाही. कोपरामागची शीर चाचपली; ती दोरीसारखी जाड लागली. तोपर्यंत त्याची करंगळी आणि अनामिका वाकू लागली होती. ज्या हातावर आम्ही छडी मारली, त्या हातास वेदनाच उरली नव्हती. वेदना नाही म्हणून तो रडला नाही, आणि रडला नाही म्हणून आम्ही अधिक मारले. त्याच्या वडिलांनी हे आम्हांस बाजारात भेटून सांगितले, तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता हे घडते कसे, ते पाहू.

आपल्या मेंदूपासून आणि पाठीच्या कण्यातील रज्जूपासून निघून हातापायांच्या टोकांपर्यंत जे तंतू पसरले आहेत, त्यांस मज्जातंतू म्हणतात. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू सुमारे एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा धागा असतो. विहिरीवरील विजेच्या मोटारीस जोडलेली केबल आपण सर्वांनी पाहिली आहे. आत तांब्याची तार, बाहेर रबराचे वेष्टन. वेष्टन फाटले की वीज वाटेतच गळते आणि मोटार थांबते. आपल्या जाड मज्जातंतूंवरही असेच वेष्टन असते. ते रबराचे नसून स्निग्ध द्रव्याचे असते. त्यास मायलिन म्हणतात. पाणी काढून टाकले तर या वेष्टनाच्या वजनाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध द्रव्यांचा भरतो. त्यात कोलेस्टेरॉलही असते, ज्याच्या नावाने हल्ली आपण तूप वर्ज्य करतो. मज्जातंतू पांढुरके दिसतात ते या चरबीमुळे.

हे वेष्टन तयार करणाऱ्या पेशींस श्वान पेशी असे नाव आहे. वर्गात हे नाव घेतले की मुले हमखास हसत, म्हणून खुलासा करतो. याचा कुत्र्याशी काही संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले, त्यांचे हे नाव. काठीभोवती चटई गुंडाळावी, तशी ही पेशी आपले स्निग्ध अंग तंतूभोवती पुनःपुन्हा गुंडाळते. त्यामुळे संदेश सेकंदास ५०-६० मीटर वेगाने धावतो. जे तंतू बारीक असतात, ज्यांतून चटका, थंडावा आणि वेदना यांची वार्ता जाते, त्यांतील बहुतेकांवर असे जाड वेष्टन नसते. तेथे संदेश सेकंदास एखादा मीटर इतक्या मंद गतीने चालतो. पण त्यांनाही श्वान पेशी आपल्या कुशीत घेऊन बसलेली असतेच. या पेशी आपल्याला लागणारे कोलेस्टेरॉल बहुतांशी स्वतःच बनवतात. तेव्हा तूप खाल्ल्याने हा रोग होतो, अथवा तूप सोडल्याने बरा होतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

आता जंतूकडे वळू. नॉर्वे देशातील बर्गेन येथील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधून काढला. तोपर्यंत जगभर हा रोग आनुवंशिक अथवा दैवी कोपाचा मानला जात असे. हा जंतू मोठा संथ आहे. इतर पुष्कळ जंतू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात. यास सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, क्वचित वीसही जातात. त्यास थंड जागा आवडते. म्हणून तो त्वचेत आणि त्वचेजवळच्या मज्जातंतूंत राहतो. कोपरामागे, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरील अंगास, घोट्यापाशी, मानेवर, चेहऱ्यावर, अशा उघड्या ठिकाणच्या तंतूंवर त्याची धाड पडते. आणि त्याचे स्वतःचे अंगही मेणचट स्निग्ध द्रव्यांनी मढवलेले असते. ते इतके चिवट, की त्यास चढवलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख यावरूनच पटते.

या रोगात मज्जातंतूंचे स्थान काय, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, हे आम्हांस सांगावयाचे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ पासून कुष्ठरुग्णांची सेवा करणारे मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनाचे शिवाजीराव पटवर्धन आणि वरोड्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे ही नावे आपण जाणतो. त्या सेवेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु प्रयोगशाळेत बसून सूक्ष्मदर्शकात डोळे घालणाऱ्यांची नावे आपल्या घरांत क्वचितच घेतली जातात.

त्यांतील पहिले नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. यांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. लंडनला विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले. टाटा स्मारक रुग्णालयाची प्रयोगशाळा आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांनी नावारूपास आणले. १९५४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले, आणि १९६० पासून ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कर्करोगाचे संशोधक म्हणून त्यांची कीर्ती आहे. परंतु रोग नुकताच सुरू झालेल्या कुष्ठरुग्णांच्या त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यांनी केलेला अभ्यासही तितकाच मोलाचा आहे. अगदी आरंभीच्या चट्ट्यातही त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतू ग्रासलेले असतात, हा रोग मुळातच मज्जातंतूंचा आहे, ही गोष्ट १९५० च्या सुमारास त्यांनी आग्रहाने मांडली. आपण ज्यास कातडीचा रोग म्हणतो, त्याचे घर कातडीखालच्या तंतूत आहे, असा याचा अर्थ.

त्यांच्याच केंद्रात पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. हा जंतू आजतागायत काचेच्या नळीत कोणास वाढवता आलेला नाही. १९५८ साली खानोलकर, रणदिवे आणि बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. तो हाच जंतू की त्याचा भाऊबंद, यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो भाऊबंदच असावा असे मत पडले. तरीही त्यापासून मुंबईतच कुष्ठरोगावरील एक लस तयार होऊन तिची माणसांवर चाचणीही झाली. शास्त्रात चुकीच्या वाटेनेही माणूस काही अंतर पुढे जातो, हे यातून विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरे नाव डॉ. दाराब दस्तूर यांचे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात मज्जासंस्थेच्या विकृतींचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला आणि कुष्ठरोगातील मज्जातंतू प्रथम साध्या आणि पुढे विद्युत सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिसरे डॉ. नोशीर अंतिया. हे शल्यविशारद. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि नंतर जे. जे. रुग्णालयात रुग्णांची वाकलेली बोटे सरळ करण्याच्या, बसलेली नाके उभी करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. परंतु बोटे सरळ करता करता त्यांस प्रश्न पडला की, बोटे वाकतातच का? म्हणून १९७५ साली मुंबईत त्यांनी वैद्यकीय संशोधनाची एक संस्था स्थापन केली, आणि तेथे श्वान पेशी काचपात्रात वाढवून त्यांत हा जंतू काय करतो, याचा अभ्यास सुरू झाला.

जंतू याच पेशीत का शिरतो, याचा उलगडा पुढे परदेशात झाला. त्याच्या स्निग्ध अंगरख्यात एक विशेष द्रव्य आढळले. शर्करा आणि मेद यांचा तो संयोग आहे, आणि त्या रूपात तो दुसऱ्या कोणत्याही जंतूत नाही. २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, श्वान पेशीच्या बाहेरील आवरणातील एका प्रथिनास हे द्रव्य, कुलपात किल्ली बसावी तसे, चिकटते. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी त्यानंतर पाहिले की, आत शिरलेला जंतू त्या पेशीला स्निग्ध द्रव्याचे थेंब साठवायला लावतो आणि त्या साठ्याच्या आधाराने टिकून राहतो. ज्या घरात लोणी-तूप भरपूर, त्याच घरात हा चोर बिऱ्हाड करतो.

याहून विलक्षण गोष्ट २०१७ साली कळली. बडोद्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या डॉ. ललिता रामकृष्णन या केंब्रिज येथे संशोधन करतात. नोबेल पारितोषिकाचे मानकरी वेंकटरामन रामकृष्णन यांच्या त्या भगिनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांत हा रोग डोळ्यांदेखत पाहिला. शरीरात जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी असतात. त्या मज्जातंतूंवरून गस्त घालीत फिरतात. जंतूच्या त्या स्निग्ध द्रव्याशी गाठ पडली की या राखणदारांचे डोके फिरते. त्या असा एक विषारी वायू सोडतात की त्याने शेजारचा निरपराध तंतूच होरपळतो. सुरुवातीची मोडतोड अशी जंतूच्या हातून न होता राखणदारांच्या हातून होते. हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमच्या मनात आले की, आम्हीही त्या मुलाचे राखणदारच होतो.

उपचाराची कथाही स्निग्ध द्रव्यापासूनच सुरू होते. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, आणि तो पश्चिम समुद्राच्या काठी होतो असेही म्हटले आहे. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या ओल्या जंगलात ज्यास कडू कवठ म्हणतात, तोच तो वृक्ष, असे जाणकार सांगतात. त्याच्या जातीचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभर वापरीत. प्यायला दिले तर उलट्या होत, टोचले तर गळू होई. १९१५ साली हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या अवघ्या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तरुणीने ते सुरक्षितपणे टोचता येईल असे रूप त्यास दिले, आणि पुढल्याच वर्षी तिचा अंत झाला. तेलाचा गुण अल्प होता. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन जातीची औषधे आली. तीही पुढे एकटी पुरेनात. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. त्यांतील रिफॅम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनेच बहुतेक जंतू मरतात. क्लोफॅझिमिन हे दुसरे औषध स्वतःच मेदात विरघळून मेदात साठते; त्यामुळे त्वचा तांबूस-काळसर होते. औषध थांबल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते, घाबरण्याचे कारण नाही. हे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पुरे होतात.

मग प्रश्न उरला कोणता? प्रश्न उरला वेळेचा. औषधाने जंतू मरतो, मेलेला तंतू मात्र जिवंत होत नाही. तंतूची शक्ती जाऊ लागून सहा महिने उलटले नसतील, तर योग्य उपचाराने ती परत येण्याची चांगली आशा असते. तुटलेला तंतू फार तर दिवसास एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर धरा, म्हणजे ४०० दिवस झाले. हे गणित आम्ही चौथीच्या मुलास घालू शकलो असतो. परंतु त्या मुलाच्या बाबतीत आम्हांस ते सुटले नाही.

वेदना गेली की काय होते, तेही सांगतो. चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले जाते, वहाणेतला खिळा दिवसभर पायात रुततो, उसाच्या पाचटाने चिरलेला तळहात तसाच राबत राहतो. बोटे झडतात ती रोगाने झडतात असा समज होता. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, ती न कळलेल्या जखमांनी जातात. वेदना हा शाप नाही. तो शरीराचा पहारेकरी आहे. आजही आपल्या देशात दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातील निम्म्याहून अधिक. २००५ च्या अखेरीस ‘दहा हजारांत एकाहून कमी’ असे प्रमाण झाल्याने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन जाहीर झाले, हे खरे. त्यामुळे आपण समजलो की रोग गेला. तो गेला नाही. फक्त आपल्या बोलण्यातून गेला.

आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून काय केले, ते पाहावे. गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका केले. बधिर चट्टा कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. कुष्ठरुग्णांसाठी वेगळे दवाखाने न ठेवता ताप-खोकल्याच्या रांगेतच त्यांस उभे केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या चट्ट्याचा अर्थ आम्हांस मॅट्रिक होऊनही कळला नाही, तो त्या माउल्यांनी ओळखला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. बाहेर टेबलावर आपल्या मंडळाच्या वधू-वर परिचयाचे अर्ज ठेवले आहेत. त्यांत एक रकाना आहे: ‘घराण्यात कोड अथवा महारोग आहे काय?’ आमच्या लहानपणापासून तो तसाच छापला जात आहे. त्याविषयी तीन गोष्टी विनयपूर्वक सांगतो.

पहिली, कोड आणि कुष्ठ यांचा परस्परसंबंध नाही. कोडात त्वचेचा रंग जातो, संवेदना शाबूत राहते. आणि ते कोणापासून कोणास लागत नाही. दुसरी, कुष्ठरोग घराण्याने येत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या निकट सहवासात, श्वासावाटे तो पसरतो असे मानतात. आणि सुमारे ९५ टक्के माणसांच्या अंगी त्यास रोखण्याची शक्ती उपजतच असते. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून थोड्याच काळात धोका उरत नाही. तिसरी, कायदा आपल्या पुढे गेला आहे. १८९८ सालचा महारोग्यांसंबंधीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ साली संसदेने ते काढून टाकले. संसदेने पुसलेला प्रश्न आपल्या मंडळाच्या अर्जात मात्र अजून शिल्लक आहे.

या रकान्यात आजवर कोणी ‘होय’ लिहिल्याचे आम्हांस आठवत नाही. पण ‘होय’ लिहावे लागू नये म्हणून किती घरांत चट्टा पदराआड, बाहीआड राहिला असेल, सहा महिने हातचे गेले असतील, याचा हिशेब कोण देणार? आपण घराण्याची अब्रू राखावयास बसतो आणि त्या पहारेकरी पेशींप्रमाणे शेजारच्या निरपराध तंतूसच होरपळवतो. म्हणून आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, पुढील वर्षाच्या अर्जातून हा रकाना काढून टाकावा. याविषयी कोणाचा आक्षेप असेल त्यांनी आमच्या घरी यावे. चहा घेऊ आणि बोलू.

आणि भगिनींस एक विनंती. दिवाळीत पहाटे मुलांस तेल-उटणे लावताना पाठीवर, दंडावर, मांडीवर एकवार नजर फिरवा. आजूबाजूच्या त्वचेहून फिकट किंवा तांबूस असा चट्टा दिसला, तर मुलास डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचे टोक फिरवा. ‘कुठे लागले?’ असे विचारा. बोट नेमके ठेवता आले नाही, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठा. लपवू नका, लेप लावू नका, वाट पाहू नका. घरात कोणास हा रोग निघालाच, तर बाकीच्यांसही प्रतिबंधक म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची सोय आता झाली आहे.

अखेर त्या मुलाविषयी. तो आता पन्नाशीत आहे. उपचाराने रोग पूर्ण बरा झाला. शस्त्रक्रियेने बोटे बरीचशी सरळ झाली, स्पर्श मात्र परतला नाही. त्याची पिठाची गिरणी आहे, मुले शिकलेली आहेत. आमच्या निवृत्तीच्या वर्षी तो भेटावयास आला. आम्ही त्याच्यापुढे हात जोडले आणि त्या पाच छड्यांबद्दल क्षमा मागितली. त्याने आमचे हात धरले. उजव्या हाताने धरले की नाही हे त्यास पाहूनच कळत होते. तो म्हणाला, “गुरुजी, छडीचे काय घेऊन बसलात? तेव्हा ती लागली असती, तर किती बरे झाले असते!”

या वाक्याहून अधिक सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही.